तारेचं हॅलियार्ड काढून दोर घालायचाय? मग आधी वरची कप्पी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरच्या तिघा मित्रांनी मिळून एक जुनी, २४ फुटी, फायबरची शिडाची बोट घेतली आहे. बोट रत्नागिरीच्या खाडीत असते. मोठं शीड आणि पुढचं शीड, दोन्ही वर चढवायची हॅलियार्ड ४ मिलिमीटर स्टीलच्या तारेची आहेत आणि हातात धरायच्या बाजूला तारेला दोर जोडलेला आहे. तारेला कुसळं आली आहेत, बोटं फाटतात. तार काढून सगळा दोरच घातला तर चालेल का? कुठला घ्यावा, किती जाडीचा?

चालेल. घालाच. पण तुमचा सगळा प्रश्न दोराबद्दल आहे आणि डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीबद्दल एक शब्द नाही, म्हणून जरा लांबीने लिहितो. दोर काय, पैसे टाकले की मिळतो. काम बिघडतं ते कप्पीवर.

तार मुळात का वापरली ते आधी बघू. तुमच्या बोटीच्या पिढीत हॅलियार्डला मिळणारा दोर आजच्या मानाने जास्त ताणला जायचा. शीड वर ओढून घट्ट करायचं, वाऱ्याचा जोर आला की दोर लांबायचा, शिडाची पुढची कड सैल पडून सुरकुत्या यायच्या. तार फारशी लांबत नाही, म्हणून वरच्या भागाला तार आणि हाताला सोसेल म्हणून खाली दोर, असा तोडगा निघाला. ही तार ७×१९ जातीची असते: सात पेड, प्रत्येक पेडात १९ बारीक तारा, एकूण १३३. इतक्या बारीक तारा असल्यामुळेच ती कप्पीवरून वळू शकते. पण प्रत्येक वळणाला त्या थोड्या थोड्या थकतात, आत खारं पाणी साचून राहतं, आणि मग एकेक तार तुटून बाहेर येते. तीच तुमची कुसळं. पक्कडीने कुसळं छाटून तार अजून दोन वर्षं चालवणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. बाहेर एक तुटलेली दिसते तेव्हा आत किती तुटल्यात ते दिसत नाही.

आता दोर बदलले आहेत. चांगल्या विणीचा पॉलिस्टर दोर पूर्वीपेक्षा खूपच कमी ताणला जातो. शिवाय १९९० पासून नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीने डायनिमा नावाचा अतिशय मजबूत कृत्रिम धागा कारखान्यात काढायला सुरुवात केली, तेव्हापासून तारेचं उरलंसुरलं कारणही गेलं. वजनाच्या हिशेबात डायनिमा स्टीलच्या कितीतरी पट मजबूत आहे, पाण्यावर तरंगतो आणि गंजत नाही.

आता कप्पी. तारेसाठी केलेल्या कप्पीची खाच अरुंद आणि इंग्रजी ‘व्ही’सारखी असते. त्यात ४ मिलिमीटरची तार तळाला नीट बसते. तिथे १० मिलिमीटरचा दोर घातला तर तो तळापर्यंत जातच नाही, खाचेच्या दोन कडांवर स्वार होतो. ताण आला की त्या कडा दोराला दोन्हीकडून चिमटतात. अगदी पातळ दोर घेतलात तर तो ‘व्ही’त पाचरीसारखा रुतून बसतो आणि शीड खाली घ्यायच्या वेळी, म्हणजे वारा वाढलेला असताना, सुटत नाही. काही बोटींवर दोन्ही चालेल अशी कप्पी असते, वर रुंद खाच आणि तिच्या मधोमध तारेपुरती बारीक चर. तिच्यावर दोर चालतो, पण ती चर वर्षानुवर्षांच्या तारेने कापून खोल झालेली असेल तर तिच्या कडा ब्लेडसारख्या झालेल्या असतात. नखाने चाचपून बघा. नख अडकलं तर दोरही अडकणार.

दुसरी भानगड कप्पीच्या बाजूची. विहिरीच्या रहाटावर दोर चाकावरून घसरून चाक आणि खांबाच्या फटीत गेला की काय होतं, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. डोलकाठीच्या टोकाला अगदी तेच होतं, फक्त तिथे हात पोचत नाही. कप्पी ज्या पेटीत फिरते तिच्या भिंतीत आणि कप्पीत दोन्ही बाजूंनी मिळून फार तर एक मिलिमीटर फट असावी. जुन्या बोटीत कप्पीची पिन, म्हणजे तिचा आस, झिजलेली असते, कप्पी डुलते आणि फट दोन-तीन मिलिमीटर होते. तार कडक असल्यामुळे तिथे शिरत नव्हती. नरम दोर शिरतो.

कप्पीचा व्यास मात्र बहुतेक वेळा अडचण करत नाही. तारेला मोठं चाक लागतं, त्यामुळे दोराला ते आपोआप पुरतं. पॉलिस्टर दोरासाठी दोराच्या जाडीच्या आठपट व्यास धरा: ८ मिलिमीटर दोराला ६४, १० ला ८०. तुमच्या कप्प्या ७५-८० च्या आसपास असतील असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर जाऊ नका, कॅलिपर लावा.

आता कप्पी बदलायची वेळ आलीच तर परदेशी तयार कप्पी मागवायच्या फंदात पडू नका. कोल्हापुरात समुद्र नाही, पण टर्नर आहेत. शिवाजी उद्यमनगरात जुनी कप्पी नमुन्याला दिली की लेथवर हुबेहूब तशी करून मिळते, शिरोली किंवा गोकुळ शिरगावला ओळख असेल तर तिथेही. मात्र टर्नरला तीन गोष्टी ठणकावून सांगा.

पहिली, माल. तुम्ही काही बोलला नाहीत तर तो सवयीने नायलॉनचा रॉड घेईल, कारण तो नेहमी पडलेला असतो आणि ‘साहेब, हाच चालतो’ असं तो मनापासून सांगेल. त्याच्या मशीनच्या कामात चालतही असेल. पण नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. उन्हाळ्यात सैल फिरणारी कप्पी पावसाळ्यात पेटीत घट्ट होते. अ‍ॅसिटल मागा, बरेच जण त्याला डेलरिन म्हणतात. तो फारसं पाणी घेत नाही. त्यातही काळा घ्या, पांढऱ्यापेक्षा उन्हात जास्त टिकतो. अ‍ॅल्युमिनियमची कप्पीही करता येते, पण स्टेनलेस पिन, अ‍ॅल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आले की पांढरी भुकटी धरते आणि कप्पी जाम होते. २४ फुटी बोटीला अ‍ॅसिटल भरपूर झालं.

दुसरी, खाचेचा आकार. तळ अर्धगोल हवा आणि त्याची त्रिज्या दोराच्या निम्म्या जाडीपेक्षा किंचित जास्त. ८ मिलिमीटर दोराला साडेचार, १० ला साडेपाच. खोली निदान दोराच्या निम्म्या जाडीइतकी. वरच्या कडा गोल मारून घ्यायच्या, धार अजिबात ठेवायची नाही. तिसरी, भोक. पिनवर कप्पी सहज फिरली पाहिजे पण डुलता कामा नये. पिन झिजून तिला खळगा पडला असेल तर नवी पिनही त्याच फेरीत करून घ्या, ३१६ स्टेनलेसची. झिजक्या पिनवर नवी कप्पी बसवणं म्हणजे पैसे वाया.

पेटीची आतली रुंदी आधी मोजा, कारण दोराची जाडी तीच ठरवते. ८ मिलिमीटर दोराची कप्पी निदान ११ मिलिमीटर रुंद लागते, १० च्या दोराला १३. पेटी अरुंद असेल तर १० चा विचार सोडून द्या.

आता दोर कुठला. तुमच्या मोठ्या शिडाच्या हॅलियार्डवर साधारण वाऱ्यात दीडशे ते अडीचशे किलो ताण येत असेल. ४ मिलिमीटरची ७×१९ तार नवी असताना नऊशे किलोच्या आसपास तुटते. १० मिलिमीटरचा चांगला पॉलिस्टर दोर दोन टनांच्या वर जातो. म्हणजे मजबुतीचा प्रश्न कधीच मिटलेला आहे. उरतात दोनच मुद्दे: ताणला किती जातो आणि हाताला कसा लागतो. ६ मिलिमीटरचा दोर ताकदीला पुरेल, पण तो ओल्या हाताने जोरात ओढून बघा, मग कळेल १० का घेतात.

हिशेब करू. डोलकाठी डेकपासून साडेनऊ मीटर धरली आणि दोर मागे कॉकपिटपर्यंत, म्हणजे बसायच्या जागेपर्यंत, आणला असेल, तर ताणाखालची लांबी सुमारे १३ मीटर. २०० किलो ताणाला १० मिलिमीटर पॉलिस्टर जवळजवळ एक टक्का लांबेल, म्हणजे तेरा सेंटिमीटर. ऐकायला फार वाटतं. पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग तुम्ही विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या ड्रमवर, शीड घट्ट करतानाच निघून जातो, झुळकेला उरतात पाच-सहा. शिवाय तारही काही सेंटिमीटर लांबतेच, ती काही लोखंडी गज नव्हे. शनिवार-रविवारी खाडीबाहेर फेरी मारून येणाऱ्याला विंच एक आटा फिरवला की हा फरक भरून निघतो. म्हणून मोठ्या शिडाला माझं मत सरळ पॉलिस्टर, कमी ताणल्या जाणाऱ्या विणीचा.

एक गैरसमज दूर करतो. ‘दोर घातला की डोलकाठीवरचं वजन कमी होतं’ हे पॉलिस्टरच्या बाबतीत खरं नाही. तुमची ४ मिलिमीटरची तार १०० मीटरला साडेसहा किलोच्या जवळपास भरते, १० चा पॉलिस्टर दोर साडेसात-आठ. वजन कमी करायचं तर डायनिमाच्या गाभ्याचा ८ चा दोर घ्यावा लागतो, तो साडेचार-पाच किलो भरतो आणि लांबण्यात तारेला तोडीस तोड आहे. महाग आहे. शर्यतीत उतरायचं नसेल तर मोठ्या शिडाला मी तो खर्च करणार नाही.

पुढच्या शिडाला मात्र करीन. पुढच्या शिडाची कड सैल पडली की बोट वाऱ्याच्या दिशेला चढत नाही, आणि ते शीड गुंडाळायचं रोलर असेल तर हॅलियार्ड महिनोन्महिने एकाच जागी ताणलेलं असतं. तिथे डायनिमाचा गाभा घ्या, जुन्या पद्धतीच्या डायनिमापेक्षा एसके७८ जातीचा मागा. डायनिमाला एक खोड आहे: सतत ताणाखाली तो हळूहळू कायमचा लांबतो. एसके७८ मध्ये ही खोड बरीच कमी केलेली आहे. दुसरी खोड म्हणजे तो अतिशय बुळबुळीत आहे. त्याला गाठ मारली तर ती सरकते आणि निम्मी ताकद जाते. त्याला स्प्लाइसच हवी, म्हणजे दोराचं टोक त्याच्याच विणीत गुंफून केलेला फास. तिसरी, उष्णतेची. दीडशे अंशांच्या आतच तो वितळतो, पॉलिस्टर अडीचशेच्या पुढे. जाम झालेल्या कप्पीवर किंवा विंचच्या ड्रमवर सर्रकन घसरू दिलात तर चटका बसतो. म्हणून बाहेर पॉलिस्टरचं कव्हर असलेलाच घ्या.

बाजारात मिळणारा हिरवा-निळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर इथे नको. मच्छिमार तो ज्या कामाला वापरतात तिथे तो ठीक आहे, पण कोकणच्या उन्हात तो कुरकुरीत होतो आणि ताणला जातो भरपूर. नायलॉन तर हॅलियार्डला मुळीच नको. तो ताणला जातो म्हणूनच नांगराला चांगला. आपल्याकडे वाईला कृत्रिम धाग्याच्या दोरांचा मोठा कारखाना आहे, गरवारेंचा. पुण्याच्या फेरीत आपल्याला हवी ती वीण, आवरणासकट, मिळते का ते विचारून बघायला हरकत नाही. फक्त ‘दोर द्या’ म्हणू नका. पॉलिस्टर, दुहेरी वीण, कमी ताणला जाणारा, एवढं नीट सांगा.

पेटी इतकी अरुंद निघाली की रुंद कप्पी बसतच नाही, तर एक युक्ती आहे. डायनिमाचा ८ चा दोर घ्यायचा आणि वरच्या भागाचं कव्हर सोलून टाकायचं. आतला गाभा पाच-साडेपाच मिलिमीटर असतो, तो अरुंद कप्पीवर चालतो. मात्र ती खाचही ‘व्ही’ची ‘यू’ करून, गुळगुळीत करूनच. कव्हर कुठून ठेवायचं? शीड पूर्ण वर असताना क्लचच्या (दोर दाबून धरणाऱ्या खटक्याच्या) पुढे साधारण मीटरभर कव्हर असलं पाहिजे, म्हणजे क्लच आणि विंच कव्हरलाच धरतील. उघडा डायनिमा क्लचमध्ये टिकत नाही, सटकतो. शीड खाली आल्यावर ते कव्हर डोलकाठीत आत वर सरकतं, तेव्हा ते वरच्या कप्पीपर्यंत जाईल का, हे हिशेबाने बघा. तुमच्या मापात क्लचपासून वरच्या कप्पीपर्यंत १३ मीटर आणि शिडाची उंची आठ-साडेआठ मीटर, त्यामुळे कव्हर वर पोचत नाही. दोर मागे न आणता डोलकाठीच्या पायथ्याशीच बांधत असाल तर मात्र अगदी कडेला येतं. कव्हरचं टोक निमुळतं करून गाभ्यात पुरायचं, नुसती टेप गुंडाळून सोडायचं नाही.

लांबीचा हिशेब सोपा आहे: डोलकाठीची दुप्पट, त्यात कॉकपिटपर्यंतचं अंतर, वर दोनेक मीटर. तुम्हाला २५ मीटर लागेल. ते जास्तीचे दोन मीटर उधळपट्टी नाही. शीड वर असताना दोराचा एकच तुकडा कायम कप्पीवर वाकलेला असतो आणि तिथेच तो झिजतो. दर हंगामाला शिडाकडचं टोक वीतभर कापून स्प्लाइस नव्याने केली की झिजलेली जागा पुढे सरकते.

आता तार काढायची कशी. इथे बहुतेक लोक घाई करतात. तारेला जोडलेला जुना दोर १० किंवा १२ चा असेल, पण तो वरच्या कप्पीवरून कधी गेलेलाच नसतो. शीड पूर्ण खाली असतानाही जोड डोलकाठीच्या आतच राहतो. त्यामुळे शॅकलच्या (शिडाला अडकवायच्या कडीच्या) बाजूने तार ओढत बसलात तर दोर कप्पीत अडकेल, आणि तोही वर, पोचता येणार नाही अशा ठिकाणी. उलटं करा. शॅकलचं टोक कापा, तारेची दोन-तीन पेडं वेगवेगळ्या लांबीला कापून टोक निमुळतं करा, त्याला ४ मिलिमीटरची पातळ दोरी मेणाच्या दोऱ्याने शिवून वरून टेप घट्ट गुंडाळा. मग खालच्या, दोराच्या बाजूने ओढा. तार वर जाईल, कप्पीवरून आत उतरेल, खालच्या भोकातून बाहेर येईल आणि मागोमाग पातळ दोरी जागेवर येईल. एकाने वरची बाजू हलका ताण ठेवून सोडायची. नवा दोर याच दोरीला टोकाला टोक जोडून त्याच दिशेने आत घ्यायचा. शिडाकडच्या टोकाला स्प्लाइस आधीच केलेली असेल तरी ती ओढावी लागत नाही.

दोन्ही हॅलियार्ड एकदमच बदला. एक तारेचं आणि एक दोराचं डोलकाठीच्या आत शेजारी शेजारी ठेवलंत तर तार दोराला करवतीसारखी खाते. खाली दोर बाहेर पडतो त्या भोकाची कडही तारेने कापून धारदार झालेली असते. गोल कानशीने आणि मग पॉलिश पेपरने ती मऊ करा. विंचच्या ड्रमवर तारेच्या जखमा असतील तर तोही घासून घ्या. तार गुंडाळून घेणारा ब्रेकवाला जुना विंच असेल तर तो काढूनच टाका. ब्रेक सुटला की त्याचा दांडा मनगट मोडू शकतो.

शिडाकडच्या टोकाला स्प्लाइस येत नसेल तर पॉलिस्टरला हॅलियार्ड हिच ही गाठ चालेल. बोलाइन टाळा. ती लांबट गाठ कप्पीपर्यंत पोचते आणि शीड चारपाच बोटं खालीच राहतं.

तुमच्यातल्या कोणाकडे एन्टरप्राइजसारखी डिंगी, म्हणजे छोटी उघडी शिडाची बोट, असेल तर वरचं पॉलिस्टरचं मत तिला लावू नका. तिथे पुढच्या शिडाचं हॅलियार्डच सगळ्या रिगला, म्हणजे डोलकाठी आणि तिला धरणाऱ्या तारांना, ताण देतं. तिथे तार काढायची तर ३ किंवा ४ मिलिमीटरचा, आधीच ताणून काढलेला डायनिमाच लागतो. पॉलिस्टर घातलात तर डोलकाठी सैल पडून हलत राहते.

हे सगळं डोलकाठीवर चढून करायचं की ती खाली घेऊन? तुमच्या मापाच्या बोटीत खाली घेऊनच. चढायचंच झालं तर ज्या तारेला कुसळं आली म्हणून ती बदलताय, तिलाच लोंबकळून जाऊ नका. दुसरा भरवशाचा दोर आणि त्याला धरून बसलेला माणूस हवा. पावसाळ्यापूर्वी बोट वर ओढालच, तेव्हा डोलकाठी उतरवा, पेटीची रुंदी आणि खोली कॅलिपरने लिहून घ्या, आणि कप्प्या पिनसकट आंबा घाटाने वर घेऊन या. टर्नरकडे जाताना दोराचा हातभर तुकडाही सोबत न्या. कागदावरच्या आकड्यापेक्षा तो खाचेत ठेवून बघितलेला दोर टर्नरला जास्त कळतो.